ठकूबाईचा फोन आणि रंगअण्णाचा नकार

डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं, खडकेवाडी. त्या गावात एक कारागीर राहायचा. नाव रंगराव सुतार, पण लहानथोर सगळे त्याला रंगअण्णा म्हणत. सुताराच्या घरात जन्मून त्याने रंधा कधी हातात धरला नाही. त्याचा जीव तारांत. रेडिओ, मिक्सर, विहिरीवरच्या मोटारी, टीव्ही, जे काही विजेवर चाले ते बंद पडलं की गाव त्याच्या दुकानाच्या पायरीवर येई.

त्याचं शास्त्र सोपं होतं. तो म्हणे, "तारेला दोन टोकं असत्यात. दोनी टोकं चांगली आन् तरी दिवा लागंना, तर मदी कुटंतरी तुटलंय. ते मदलं हुडका." या एका वाक्यावर त्याने तीस वर्षं गाव उजळलं होतं. वाक्य खरंच होतं, त्यामुळे त्याला थोडा माज आला तर नवल नाही.

पुढे बिनतारेचे दिवस आले. फोनातलं चित्र टीव्हीवर दिसू लागलं आणि मधे तार म्हणून काही राहिली नाही. रंगअण्णा मनातून गडबडला, पण गडबडलो म्हणेल तो रंगअण्णा कसला? जे कळलं नाही त्यावर त्याने एक रामबाण उत्तर शोधून काढलं होतं. तो यंत्रावर दोन बोटं वाजवी, मान हलवी आणि म्हणे, "बोर्ड गेलाय." गेलेल्या बोर्डावर गावात दुसरा कोणी बोलू शकत नसे.

त्याची आणखी एक खोड होती. टीव्हीच्या पडद्यावर काही विचारणारी चौकट आली की तो ती न वाचता 'नाही'चं बटण दाबून मोकळा होई. मजकूर असे इंग्रजीत. रंगअण्णाला इंग्रजी अक्षराला अक्षर जोडत वाचता येई, पण चारचौघांत बालवाडीसारखी अक्षरं लावत बसणं त्याला कमीपणाचं वाटे. "न्हाई म्हनलेलं कदी अंगाशी येत न्हाई," असं तो स्वतःच्या मनाला सांगे.

ते कसं अंगाशी आलं, त्याचीच ही गोष्ट.

गावाच्या वर डोंगरात आसरांचा झरा होता. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. दर अमावास्येला बायका वर जात, झऱ्यातला पाला काढत, आसरांच्या दगडांना हळदकुंकू लावत आणि खाली येत. गावात नळ आले तशा बायका गळत गेल्या. शेवटी दोघीच उरल्या, म्हशीवाली ठकूबाई येडगे आणि तिची शेजारीण हौसाबाई. नळाला जे पाणी येई ते गावविहिरीचं, आणि विहिरीला जे येई ते झऱ्याचं, हे मात्र नळ उघडणाऱ्या सगळ्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

बचत गटाच्या बारा बायकांनी मिळून बारा फोन घेतले होते, एकाच जातीचे, एकाच रंगाचे. ठकूबाईने त्या फोनाचा एक नेम धरला. दर अमावास्येला झऱ्यात ती आपली काठी उभी करी. काठीवर पाच खाचा होत्या. पाणी कितव्या खाचेपर्यंत आलं ते दिसेल असा ती एक फोटो काढी. भाद्रपदापासून श्रावणापर्यंत असे बारा फोटो जमले. कशाला म्हणून कोणी विचारलं तर ती म्हणे, "आसरांची हजरी घेतीया."

त्याच वर्षी झऱ्याच्या डोक्यावर दगडाची खाण काढायची म्हणून एक कंपनी आली. खाण निघाली तर सुरुंगांनी झरा फुटणार आणि विहीर आटणार, असं ठकूबाईचं म्हणणं. कंपनीचे मॅनेजर दिघे म्हणत, "झरा कसला? तो पावसाळी ओहोळ आहे. चैत्रात खडखडीत कोरडा पडतो." भाद्रपदात ग्रामसभा ठरली. तालुक्याहून मंडल अधिकारी वैरागकर मॅडम आल्या. गावाने हात वर करून काय ते ठरवायचं आणि मॅडमनी तसं लिहून न्यायचं. आता भाद्रपदात ओहोळही वाहतो आणि झराही. उन्हाळ्यात पाणी होतं की नव्हतं, हे सांगणारे फक्त बारा फोटो होते आणि ते ठकूबाईच्या फोनात होते.

सभागृहातला मोठा टीव्ही रंगअण्णानेच माघात भिंतीवर बसवला होता. सभेच्या सकाळी त्याने दिघ्यांचा लॅपटॉप बिनतारेने टीव्हीला जोडून दिला आणि मिशीवरून हात फिरवला. दिघ्यांनी रंगीत चित्रं दाखवली. गुळगुळीत रस्ता, रस्त्याकडेला झाडं, हसणारी माणसं. माणसं कुठल्या गावची होती कोण जाणे. मग ठकूबाईची पाळी आली.

तिने पदराच्या टोकातून फोन काढला. झऱ्याच्या कातळावर पडून त्याची काच तडकलेली. हातात घेऊन पाहिलं तर पाणी आणि तडा वेगळा ओळखू येईना. दोनशे माणसांना तो फोन हातोहात दाखवणं शक्यच नव्हतं. टीव्हीवरच दिसायला हवं होतं. हौसाबाईने तिला शिकवलेलं बटण तिने दाबलं. फोनवर चक्र फिरलं, फिरलं आणि थांबलं. जोडणी झाली नाही, असं फोन म्हणाला. टीव्ही तर काहीच म्हणाला नाही.

"रेंज न्हाई गावात, कसा लागंल?" मागून कोणीतरी बोललं.

"ह्याला रेंज लागत न्हाई," रंगअण्णा म्हणाला. "फोन आन् टीव्ही समोरासमोर बोलत्यात. मदी कुनाचं काम न्हाई." हे त्याचं बरोबर होतं. त्याला काम येत नव्हतं असं नाही.

त्याने दिघ्यांच्या लॅपटॉपची जोडणी सोडवली, कारण टीव्ही एका वेळी एकच पाहुणा घेतो. फोन बंद करून चालू केला. टीव्ही बंद करून चालू केला. फोनमधलं वायफाय चालू आहे ना, बॅटरी वाचवायची सोय आड येत नाही ना, तेही पाहिलं. ठकूबाईला फोन घेऊन अगदी टीव्हीच्या खाली उभं केलं. शेवटी जुनी सवय म्हणून एक तारही लावून पाहिली, पण तो फोन तारेतून चित्र देणाऱ्यांतला नव्हता. चक्र फिरे आणि थांबे. दोनशे माणसं बघत होती. रंगअण्णाच्या कानशिलांवर घाम आला. त्याने फोनवर दोन बोटं वाजवली.

"मावशी, फोनचा बोर्ड गेलाय."

ठकूबाईचा चेहरा उतरला. दिघे हसत म्हणाले, "बोर्ड गेलाय की फोटोच नाहीत? असते तर दिसले असते."

हे वाक्य सभेत पसरलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. म्हातारी वर्षभर फोटो फोटो करत होती, खरंच काही आहे की नाही? हौसाबाईला राहवलं नाही. तिने स्वतःचा फोन पुढे केला. "ह्यो बी त्येच जातीचा हाय. ह्यो लावून बघा भावजी."

हौसाबाईचा फोन पहिल्या झटक्यात लागला. टीव्हीवर तिच्या नातवाचं बारसं दिसू लागलं.

"बघा," रंगअण्णा म्हणाला. "टीव्ही चांगला हाय. खोट फोनमदीच." त्याला बरं वाटलं आणि ठकूबाईला आणखी वाईट.

पण वैरागकर मॅडम सरळ विचाराच्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजी, तुमच्या फोनातून एक फोटो माझ्या फोनवर पाठवा. इंटरनेटशिवाय, थेट." हौसाबाईने बटणं दाबून दिली. क्षणात फोटो मॅडमच्या फोनवर गेला. मॅडमनी रंगअण्णाकडे पाहिलं. "बोर्ड गेलेला फोन फोटो कसा पाठवतो?"

रंगअण्णाने पुन्हा वाजवायला उचललेली दोन बोटं मागे घेतली. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"मग मॅडम, तुमच्याच फोनवरनं दावा की," हौसाबाई म्हणाली.

दिघे उठले. "हरकत आहे. हातोहात फिरलेला फोटो कुठला, कधीचा, कोणी सांगायचं?"

मॅडमनी मान हलवली. "हरकत बरोबर आहे. ज्या फोनात काढला त्याच फोनातून, तारखेसकट, सगळ्या सभेसमोर दिसायला हवा. पंधरा मिनिटं चहा घेऊ. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर आहे त्यावर मत घ्यावं लागेल."

सभा चहाला बाहेर गेली. आत रंगअण्णा राहिला आणि ठकूबाई. ती भिंतीला टेकून खाली बसली, खाचांची काठी मांडीवर आडवी घेऊन. रंगअण्णा टीव्हीसमोर रिमोट घेऊन उभा. बाहेर बशांचा आवाज आणि दिघ्यांचं हसणं ऐकू येत होतं.

"रंगा, एक इचारू?" ठकूबाई म्हणाली. "टीव्ही चांगला हाय म्हनलास."

"व्हय."

"आन् माजा फोन बी मॅडमच्या फोनाशी बोलला."

"बोलला की."

"मंग दोगंबी चांगली आन् एकमेकांशी बोलंनात, तर मदी कुनीतरी कायतरी बोललेलं आसनार. नवराबायकूचं आसंच आसतंय बग. त्यांच्यात खोट नसती. मदी तिसरं कोन बोललं त्ये हुडकावं लागतं."

रंगअण्णाच्या हातातला रिमोट थांबला. हे तर त्याचंच वाक्य होतं. दोन्ही टोकं चांगली, मग मधलं हुडका. तार दिसेनाशी झाली आणि तो आपलंच शास्त्र विसरला होता.

त्याने टीव्हीच्या आतल्या याद्या उघडायला सुरुवात केली. चारचौघं बघत नव्हते, म्हणून तो अक्षराला अक्षर लावून वाचू लागला. ओठ हलत होते. एक यादी, दुसरी यादी. तिसऱ्या यादीत ज्यांना आत घ्यायचं नाही अशांची नावं होती. अशांची म्हणजे एकाचंच. बचत गटाच्या फोनाचं नाव. हौसाबाईचा तर लागला होता, म्हणजे हा ठकूबाईचाच. पुढे तारीख. माघातली. टीव्हीच्या उद्घाटनाची.

"मावशी," त्याने मागे न बघता विचारलं, "टीव्ही बसवला त्या दिशी तुमी फोन लावून बगितलावता?"

"व्हय की. पाव्हनं भाषान करत हुतं तवा. म्हनलं सगळ्यांच्या आदी आपुन लावून बगू. फोन म्हनला, न्हाई. म्हनलं, म्हातारीचा फोन, नसंल जमत. गेले धारा काढाया."

रंगअण्णाला ती सकाळ आठवली. हार घातलेल्या पाहुण्यांचा फोटो टीव्हीवर होता आणि त्यावर एक चौकट सरकत आली होती. पाहुण्यांच्या नाकावरच. त्याने न वाचता 'नाही' दाबलं. लगेच दुसरी चौकट आली. ती घालवायला त्याने दुसरं बटण दाबलं. ठकूबाईचा फोन दारात आला होता, त्याला कायमचा घालवू का, असं टीव्ही विचारत होता, आणि तो 'घालव' म्हणाला होता. नंतर पाहुणे गेल्यावर बाकीच्या बायकांनी आपापले फोन लावले. त्यांना ग्रामसेवकाने 'हो' म्हटलं. ठकूबाई तेव्हा गोठ्यात होती. माणूस विसरला, पण टीव्हीने सात महिने तो नकार जपून ठेवला होता.

त्याच्या हाताशी आता एकच बटण होतं. नाव पुसायचं आणि बाहेर हाक मारायची, की फोन दुरुस्त झाला. ठकूबाईने दुवा दिला असता. गावाने पाठ थोपटली असती. ना कोणाला यादी कळली असती, ना तारीख.

पण त्याला एक गोष्ट लख्ख दिसली. आत आपण आणि म्हातारी दोघंच, फोन आपल्या हाताशी आणि पंधरा मिनिटांत मेलेला फोन जिवंत. दिघे म्हणाले असते, रंगरावाने आत बसून फोटो घातले. आणि गावातल्या निम्म्यांना ते पटलं असतं. आपली अब्रू झाकायची तर म्हातारीची उघड्यावर टाकावी लागत होती. आपलं ठेवायचं झाकून ही म्हण त्याने दुसऱ्यांना पुष्कळदा ऐकवली होती. आज ती त्याला स्वतःलाच टोचली.

त्याने काहीही पुसलं नाही. यादी पडद्यावर तशीच ठेवली आणि दारात जाऊन सगळ्यांना आत बोलावलं.

"मॅडम, ही यादी मोठ्यानं वाचा," तो म्हणाला. "मला इंग्रजी भरभर येत न्हाई."

सभेत कुजबूज झाली. रंगअण्णाला न येणारी गोष्ट गाव पहिल्यांदा ऐकत होतं. मॅडमनी वाचलं. अडवलेली यंत्रं, एक. फोनाचं नाव. माघातली तारीख.

रंगअण्णा सभेकडे तोंड करून म्हणाला, "मावशींच्या फोनात काय बी खोट न्हाई. टीव्हीत न्हाई. खोट माज्यात हाय. उद्घाटनाच्या दिशी त्यांचा फोन दारात आला आन् म्या न वाचता त्येला कायमचा हाकलला. वर आज त्यांनाच खोटं पाडलं. बोर्ड गेलाय म्हनलो, त्ये मला कळंना म्हनून म्हनलो. आता तुमच्यासमोर नाव पुसतो. डोळ्यांनी बगा."

मग हौसाबाई म्हणाली, "मंग माज्या टीव्हीचा बोर्ड गेलाय म्हनला हुतासा, भावजी, त्यो बी आसाच?"

"त्यो बगायला लागंल, वहिनी."

अख्खी सभा हसली. रंगअण्णाही हसला. आणि गंमत अशी, की हसताना त्याला फार हलकं वाटलं.

त्याने नाव पुसलं. ठकूबाईने बटण दाबलं. चक्र फिरू लागलं आणि या वेळी टीव्हीवर चौकट आली. रंगअण्णाने सगळ्यांसमोर एकेक अक्षर लावून ती वाचली. घाई केली नाही. मग वळून विचारलं, "ह्यो फोन आत येऊ का म्हनतोय. काय सांगू?"

"व्हय म्हन," दोनशे माणसं एका आवाजात म्हणाली.

त्याने 'हो' दाबलं. टीव्हीवर आधी ठकूबाईची म्हैस आली, रवंथ करणारी. मग फोटो उघडले. भाद्रपद, पाणी पाचव्या खाचेच्या वर. कार्तिक, चौथी खाच. माघ, तिसरी. दिघे खुर्चीच्या कडेला सरकून बसले. फाल्गुन, चैत्र. चैत्रात आजूबाजूचा डोंगर करपलेला, गवत पिवळं, आणि मधोमध काठी दोन खाचा पाण्यात. मग वैशाख आला. काठीला धरलेला हिरव्या बांगड्यांचा हात, कुंकू लावलेले आसरांचे दगड, आणि पाणी दुसऱ्या खाचेला अजून टेकलेलं. इतकं नितळ, की तळाचे गोटे मोजावेत.

सभा पाहतच राहिली. कितीतरी जणांनी तो झरा वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. एक म्हातारा उठून टीव्हीजवळ गेला आणि त्याने पडद्यावरच्या पाण्याला हात लावून नमस्कार केला.

दिघे म्हणाले, "तारीख कशावरून?"

मॅडमनी ठकूबाईच्या फोनावर स्वतः तारीख उघडली. ती टीव्हीवर मोठी होऊन आली. वैशाख अमावास्येचीच होती. "आणखी काही हरकत?" त्यांनी विचारलं. दिघ्यांनी लॅपटॉप मिटला.

खाण नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं मॅडम म्हणाल्या आणि सभागृहात हातच हात झाले. मोजायची वेळच आली नाही. हो म्हणायला एकही हात उठला नाही. झरा वाचला, विहीर वाचली, गाव वाचलं. ठकूबाई काठी टेकत उठली. डोळ्यांतलं पाणी तिने लपवलं नाही. रंगअण्णासमोर येऊन तिने त्याच्या डोक्यावरून बोटं ओवाळली आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा मोडली. गावातली सगळ्यात मोठी शाबासकी ती.

त्या आठवड्यात रंगअण्णा घरोघर फिरला. हौसाबाईच्या टीव्हीचा बोर्ड शाबूत निघाला. गावातले बोर्ड गेलेले आणखी चार टीव्ही असेच जिवंत झाले. लोक हसले, पण दुकानाची पायरी पूर्वीपेक्षा जास्त झिजू लागली. ज्याला 'कळत नाही' म्हणता येतं, त्याच्या 'कळलं' या शब्दावर गावाचा आता खरा विश्वास बसला होता.

पुढच्या अमावास्येला डोंगरावर दोघी नव्हत्या, पन्नास बायका होत्या. सोबत एकच पुरुष होता. ठकूबाईने त्याच्या हातात काठी दिली आणि म्हणाली, "झऱ्यात नीट उबी धर, रंगा." तेरावा फोटो निघाला. पाणी पाचव्या खाचेच्या वर होतं.

तात्पर्य: जुळत नसलेल्या दोघांत खोट शोधण्याआधी मधे आपला हात आहे का ते पाहावं, आणि असेल तर तो चारचौघांत कबूल करावा, कारण आपली चूक झाकली की दुसऱ्याचं खरंही झाकलं जातं.